मडक्याच्या आतली बोटं

शुक्रवार, दिवेलागण

लिहिन्यात चुका हुतील, सातवीतच शाळा सुटली माझी. त्यात उजव्या हाताची बोटं सुजल्यात, डाव्या अंगठ्यानं हळूहळू टाइप करते.

नदीकाठचं जुनं गाव उकरनाऱ्या मॅडम आज घरी आल्त्या. हजारो वर्षांमागची मडकी कशी घडवली ते कळावं म्हनून त्या आमची नवी मडकी फोडून आतून बघत्यात. दादानं स्वतःचं म्हनून दिलेलं मडकं त्यांनी फोडलं, खापराला भिंग लावलं. मी दाराआड. मॅडम म्हनल्या, "आतले ठसे बारीक बोटांचे आहेत. चाकावर मुलगी बसली होती का?"

आमच्यात बाईनं चाकाला शिवायचं न्हाई. अंगनात मडकी घ्यायला आलेली गिऱ्हाइकं हसली. "काय रं, बहिनीच्या जिवावर कुंभार व्हय?"

मॅडमची जीप गेली तशी दादानं मडकी ठोकायची लाकडी थापी उचलली. "ठेव बोटं दगडावर!" चारदा हानलं. आई आडवी आली, तिलाबी ढकललं. मग माझी सगळी मडकी लाथेनं फोडली.

पन त्याचा हात बसंना म्हनून त्यानंच मला चाकावर बसवलं हुतं ना? मग मार कशाचा? बारीक बोटं... माझीच की.

ते एक खापर मॅडमनी पिशवीत घालून नेलं. तेवढं त्याला फोडता आलं न्हाई.

इकडं मडकी फुटली, अन् आत्ता फोन आला, बेलापूरच्या मावशीला जुळं झालं.