सुगनाच्या खोलीतला मुक्काम

जैसलमेर, ४ ऑक्टोबर

ती. मीनलताईंना सा. न. वि. वि.

फोन बंद आहे म्हणून रागावला असाल. फोनवर सगळे आधी गप्प बसतात आणि मग हवेबद्दल बोलतात, ते सोसत नाही. म्हणून पत्र. माहेराहून, पुण्याहून चार दिवसांसाठी इथे आले, त्याला तीन आठवडे झाले.

पाटीवर 'बेड अँड ब्रेकफास्ट' लिहिलंय, पण हे माँसांचं घर आहे. माँसा म्हणजे मालकीणबाई, सत्तरीच्या आणि फटकळ. चार लेकी लग्न होऊन गेल्या, त्यांच्या खोल्या भाड्याने देतात. खोल्यांना लेकींची नावं आहेत, आणि पाहुण्यांनाही त्याच नावाने हाका. शेजारचा दाढीवाला जर्मन 'गुलाब' आहे, मी सुगना. नाश्त्याला सगळ्यांनी चुलीपुढे बसायचं. बाजरीची भाकरी, लोणी, गूळ, आणि ताटात उरलं तर बोलणी. अंघोळीला एक बादली. वाळू अंथरुणात, दातांत, सगळीकडे. तुम्ही पहिल्याच दिवशी झाडू मागितला असता.

प्रबोधला सांगा, मी जेवते. बाकी सांगण्यासारखं काही उरलेलं नाही.

तुमच्या मायेवर विसंबून,
क्षिप्रा

---

बुकित बातोक, सिंगापूर, १५ ऑक्टोबर

चि. सौ. क्षिप्रास अ. उ. आ.

झाडूचं अगदी खरं. कुशल म्हणतो, मामीला लिही, कम बॅक लाह, आईची खिचडी खाववत नाही. पोटचं पोर असं बोलतं!

आता मनातलं. तू हॉस्पिटलातून रिकाम्या हातांनी यायच्या आदल्या दिवशी मी तुमच्या पुंगोलच्या फ्लॅटवर गेले आणि सगळा बाळंतविडा, दुपटी, झबली, टोपरी, पिशव्यांत भरून देऊन टाकला. तुझ्या डोळ्यांसमोर नको, एवढंच मनात होतं. आपल्याकडे असंच करतात. तू खोली बघितलीस आणि दार ओढून घेतलंस. अकरा दिवसांची पोर, तिची एक चिंधीही मी घरात ठेवली नाही. बाराव्या दिवशी तिच्या कानात नाव सांगायचा मान आत्या म्हणून माझा होता. तू ठरवलेलं नाव मला तेव्हाच सांगणार होतीस. बारसं झालंच नाही, आणि गेले सात महिने ते विचारायचं मला धाडस झालं नाही. मला माफ कर.

प्रबोध तुआसहून कामावरून येतो आणि बूट न काढता बसून राहतो. मीच त्याला बळेबळे तिकीट काढायला लावलं. दहा नोव्हेंबरला तो तुला न्यायला निघतोय. नाही म्हणू नकोस.

आहे ती माया आटू देऊ नकोस,
मीनलताई

---

जैसलमेर, २९ ऑक्टोबर

ती. मीनलताईंना सा. न. वि. वि.

राग होता. आता तेवढीही ताकद नाही.

नाव माँसांनी पहिल्याच नाश्त्याला विचारलं. मुलंबाळं किती, म्हणाल्या. मी म्हटलं, एक मुलगी, ऋग्वेदा. ताई, तोवर ते नाव मी मोठ्याने उच्चारलंच नव्हतं. कुठे असते, तर म्हटलं, सिंगापूरला, वडिलांजवळ. तेव्हापासून भाकरी थापता थापता त्या रोज विचारतात, आता बसते का, दात आला का. मी मार्चपासून महिने मोजून सांगते. गेल्या आठवड्यात म्हटलं, खालचे दोन आलेत.

परवा तुमचं पाकीट बघून त्यांनी विचारलं, जावई येतायत का लेकीला घेऊन. तोंडून हो निघून गेलं. काल त्यांनी माळ्यावरून सुगनाचा पाळणा काढला, धुतला, नवी दोरी ओवून माझ्या खोलीत टांगला. म्हणाल्या, थंडी पडायला लागलीय, बाळाचा स्वेटर आणायला कळव.

तिकडे ती अकरा दिवसांचीच राहिली. इथे साडेसात महिन्यांची आहे. प्रबोध दारात एकटा उतरला की ती इथूनही जाईल, आणि मग तिला ठेवायला मला कुठेच जागा नाही. फोन लावला तर तोंडून शब्द फुटणार नाही, म्हणून हे लिहिते. ताई, त्याला येऊ देऊ नका.

एवढं ऐकलंत तर तुमचीच,
क्षिप्रा

---

बुकित बातोक, ११ नोव्हेंबर

क्षिप्रा,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. प्रबोध काल सकाळीच गेला. त्याचा फोन लागत नाही, तुझाही. हे तुझ्या हाती पडेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल, तरी लिहिते आहे, दुसरं काय करावं कळत नाही. मार्चमध्ये आणि आता पुन्हा, तुझं भलं करायला मीच धावले.

माझं तोंड पाहू नकोस. पण त्याला दारातून परत पाठवू नकोस ग. त्याचीही मुलगी गेली आहे, आणि तुझ्या तिथे तिला दात आलेत हे त्याला कुणीच सांगितलेलं नाही.

मीनलताई