टाइग बाईंचा फोन

काउंटी तुरुंग, ९ जानेवारी १९९६

ती. व्हर्नाताईस,
ऑरिनचा सा. न. वि. वि.

तुझे लोकरी मोजे पोचले. पहारेकऱ्याने ते उलटेसुलटे करून पाहिले आणि विचारलं की तुझ्या बहिणीने हे विणलेत की नांगरलेत. इथली लापशी इतकी पातळ की वाटीचा तळ दिसतो. बाकी बरा आहे.

काम असं आहे. जज्जांनी शिक्षा सुनावण्याआधी माझी तपासणी लावली आहे. मी किती पितो आणि मला राग किती येतो, हे ठरवायचं. काल टाइग नावाच्या समुपदेशक बाई आल्या होत्या. दीडशे प्रश्न, प्रत्येकापुढे खुणेची चौकट. आपण सांगितलेलं खरं की खोटं, हे त्या घरच्या एका माणसाला फोन करून पडताळतात. मी तुझं नाव दिलंय. पुढच्या गुरुवारी, दुपारी चारला.

त्यांना सांग की मी भयंकर पितो, आणि त्या शुक्रवारीही अख्खी बाटली प्यायलो होतो. लूऍनच्या हाताचं जे झालं ते दारूपायी, असं ठरलं तर चार आठवडे व्यसनमुक्ती केंद्र, मग घर. नुसता राग ठरला तर वर्षभर तुरुंग, वर मारकुट्या नवऱ्यांचे वर्ग, आणि लूऍनच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. वकील म्हणतो, जज्जांना दारुड्यांची दया येते.

अर्ध्या गावाला तू वाचायला शिकवलंस. तुझ्या शब्दावर कोण शंका घेणार? आणि हे पत्र लाल पेन्सिलीने तपासत बसू नकोस.

तुझ्या मायेच्या भरवशावर असलेला,
ऑरिन


हॉल्सेथ, ११ जानेवारी

चि. ऑरिन यास,
आशीर्वाद.

आशीर्वाद सवयीने लिहिला.

रविवारी इस्पितळात गेले होते. लूऍनची दोन बोटं कापावी लागली. उरलेल्या दोनांत तारा घातल्यात. ती म्हणाली की ती तिच्या बहिणीकडे निघाली होती आणि गाडीत चढताना हात दाराच्या चौकटीवर होता. तू दार आपटलंस. मग उघडलंस. ती हात काढून घेत होती, तर मनगट धरून तू तो परत तिथेच ठेवलास आणि पुन्हा आपटलंस. असं तीनदा. मधे तू चकार शब्द काढला नाहीस. नंतर आत जाऊन जेवलास.

यात दारू कुठे आली? दोन बिअरमध्ये तू खुर्चीत घोरायला लागतोस. पोलीस दुसऱ्या दिवशी आले, म्हणून तुला बाटलीची गोष्ट रचता आली.

एकाहत्तर साली तू मला गोठ्याच्या खांबावर आपटलंस आणि माझ्या खांद्याचं हाड मोडलं, तेव्हा तुझ्या पोटात कॉफी होती. मीच ओतली होती. डॉक्टरांना मी सांगितलं की बर्फावरून घसरले. तू शेजारी उभा राहून मान डोलावलीस. ते खोटं माझं होतं. दुसऱ्या खोट्याचं वचन मी देत नाही.

व्हर्ना


काउंटी तुरुंग, १४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसलो. पंचवीस वर्षं जुना खांदा अजून काखेत घेऊन फिरतेस. नवरा नाही, पोर नाही, मग माणसाने सांभाळावं तरी काय?

कालपासून इथे पत्रं वाचायला लागलेत, म्हणून काळजीचंच लिहितो. तुझ्या छपरावर यंदा बर्फ फार साठलं असेल. शिडीवर एकटी चढू नकोस. या वयात मोडलेलं हाड जुळत नाही, आणि तुझ्या घराच्या मागच्या बाजूला हाक मारली तर कोणाला ऐकू जात नाही. मी आज ना उद्या सुटेनच. तेव्हा येऊन स्वतः शिडी धरीन.

गुरुवारी चार वाजता. विसरू नकोस.

तुझी आठवण काढणारा,
ऑरिन


हॉल्सेथजवळ, १५ जानेवारी

ती. वन्संना,
लूऍनचा शि. सा. न.

डाव्या हाताने लिहितेय, अक्षराला हसू नका. परवा घरी आले. शेजारच्या काकू बटाट्याचं कालवण ठेवून जातात आणि विचारतात की तू असं काय बोललीस गं त्याला.

टाइग बाई आज येऊन गेल्या. मी सांगितलं की तो प्यायला होता. वन्सं, तुम्हीही तसंच सांगा. पाया पडते. तो घाबरवतो म्हणून नाही. दारूवर इलाज असतो. दारू असेल तर तो बरा होईल आणि आमची बावीस वर्षं वाया गेली नाहीत असं मला म्हणता येईल. दारू नसेल, तर मग तो असाच आहे. त्याच्याबरोबर मी इतकी वर्षं जेवत, झोपत होते, हे मी कोणाला सांगू?

लहान बहीण समजून सांभाळून घ्या.

तुमची,
लूऍन


हॉल्सेथ, १९ जानेवारी

चि. सौ. लूऍन हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बुधवारी मिळालं, दोनदा वाचलं. तरीही काल मी खोटं बोलले नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुला ठरवता येईल.

टाइग बाईंना मी सांगितलं की तो शुद्धीवर होता. माझ्या खांद्याचं सांगितलं. त्याच्या पहिल्या बायकोचे, बेरीटचे, पुढचे दात न्याहारीच्या टेबलावर कसे पडले तेही सांगितलं, आणि ती घर सोडून गेली तेव्हा चंचल बाई म्हणून गावभर सांगत फिरणारी मीच होते, हेही. त्याने तुरुंगातून मला पाठवलेलं शिडीचं पत्र वाचून दाखवलं. पलीकडे टाइपरायटर थांबला. ते पत्र आज मी जज्जांकडे जाणाऱ्या अहवालासाठी पाठवून दिलं.

शेवटी बाईंनी विचारलं की तुम्हाला त्याची भीती वाटते का. एकतीस वर्षं मी वर्गात उभी राहिले, पोरांना उत्तर द्यायला कधी दोन मिनिटांच्या वर वेळ दिला नाही. काल माझंच तोंड उघडेना. बाई थांबून राहिल्या. मग मी हो म्हटलं.

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मीही तुला कधी विचारलं नाही. तुमच्याकडे ख्रिसमसला जेवले, तुझ्या मानेवरचे वळ पाहिले आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणाले.

आपल्या दोघींचं सांगणं जुळत नाही, म्हणून बाई बुधवारी पुन्हा तुझ्याकडे येतील. हाच प्रश्न त्या तुलाही विचारतील. काय सांगायचं ते तू ठरव. मी शिकवणार नाही. पण मंगळवारीच येऊन राहते, कुलूपवाल्याला घेऊन. माझ्यावर चिडली असशील तर चिड, दार तेवढं उघड.

माया आटली तर समजेन. नातं पार तोडू नकोस.

तुझी,
व्हर्ना