कॅप्टनच्या उजव्या हाताची खुर्ची

प्रिय कॅप्टनसाहेब,

माझा एक रुसवा मला काय भावानं पडला, ते आज मोजून बघितलं. त्यापायी एक अख्खा पावसाळा आपण बोललो नाही. तुमच्या कळंब्याच्या गच्चीवरचा रविवारचा चहा गेला, वहिनींच्या हातचे पोहे गेले, आणि त्या पावसाळ्यात तुम्ही सांगितल्या असत्या त्या गोष्टी तर कायमच्याच गेल्या. त्या आता कुणाकडून आणू?

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं आणि मी आता लिहायला बसलोय, त्याला कारण वहिनी. गेल्या आठवड्यात त्यांनी मला बोलावून एक वस्तू हातात ठेवली. तिच्याविषयी सांगतोच. पण मी तुम्हाला एकदा एक गोष्ट मागितली होती आणि तुम्ही उत्तर दिलं नव्हतं. ते उत्तर ‘नाही’ आलं असतं का, एवढंच मला कळायला हवंय. बाकी माझी काही तक्रार नाही.

आपली ओळख गाडीमुळं झाली. तुमची ती जुनी निळी गाडी माझ्या गॅरेजच्या कोपऱ्यावर वळली आणि मी दुसऱ्या एका गाडीखाली पडल्या-पडल्याच ओरडलो, “इंजिनाचं टॅपेट सैल हाय, टकटकतंय, पावणं!” तुम्ही उतरलात. ताठ पाठ, पांढरा शर्ट, पायात मात्र गावाकडची करकरती चप्पल. म्हणालात, “बॉनेट न उघडता?”

“कान हाय की.”

“आमच्यात, विमानवाल्यांत, उलटं हाय. ढगात शिरल्यावर पहिलं काय सोडायचं, तर स्वतःच्या कानावरचा विश्वास.”

मला आला राग! कानावर पोट भरणाऱ्या माणसाला असं बोलतात होय? पण कुतूहल रागापेक्षा वाईट. दुरुस्ती राहिली बाजूला, मी चहा मागवला. मग तुम्ही समजावून सांगितलंत. बाहेर सगळं पांढरं असलं की विमान हळूहळू एका अंगावर कलतं, आणि कानाच्या आतली तोल सांगणारी जागा म्हणते, सरळ आहे, सरळ आहे. समोरचा काटा म्हणतो, कललंय. कान शपथेवर सांगत असला तरी काट्याचं ऐकायचं. ज्यानं कानाचं ऐकलं तो परत आला नाही.

ते कसं शिकलात हो? हातकणंगल्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, म्हशीच्या हंबरण्यावरून तिचं दुखणं ओळखणाऱ्या घरातला. स्वतःलाच ‘तू खोटं बोलतोयस’ असं म्हणत राहायचं, हे किती दिवसांत अंगवळणी पडलं? मी विचारलं की तुम्ही हसायचात आणि दुसरंच काहीतरी सांगायचात.

सांगायचात तेही काय कमी होतं! डोंगरातल्या चिंचोळ्या दऱ्यांतून वायुदलाचं विमान न्यायचं आणि वरच्या चौक्यांवरच्या जवानांसाठी तांदळाची, डाळीची पोती खाली सोडायची. दरीत एकदा शिरलं की वळायला जागा नाही. नोकरी संपल्यावर मग प्रवासी विमानं. मी विचारलं, अवघड काय? तुम्ही पटकन म्हणालात, “प्रवासी! पोत्यानं कधी विचारलं न्हाई, एवढं आपटून का उतरवलंस म्हणून.”

आणि ती तुमची प्रदक्षिणा! गाडीत बसायच्या आधी भोवती एक फेरी. चारी टायरांना हात, खाली वाकून नजर. विमानाभोवती मारायचात तशीच. माझी गॅरेजातली पोरं आधी हसायची, आता तीही गिऱ्हाइकाच्या गाडीला फेरी मारल्याशिवाय किल्ली देत नाहीत. मी एकदा विचारलं होतं, इतक्या वर्षांत फेरीत काही सापडलं का? “एकदा,” म्हणालात, “एकदा पुरतंय.” काय सापडलं होतं? तेवढं सांगून जायचं होतंत!

पहिल्याच वर्षी तुम्ही मला तुमच्या उजव्या हाताला बसवायला लागलात. गच्चीवर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, मी चुकून दुसरीकडं बसलो की उठवायचात. “विमानात डावी सीट कॅप्टनची, उजवी को-पायलटची. हिकडं ये.” गाडीही मलाच चालवायला लावायचात, कारण मग डावी सीट तुमची. मी हे साऱ्या उद्यमनगरात सांगत फिरलो. वायुदलातला माणूस मला, सातवी नापास मिस्त्रीला, को-पायलट मानतो! गॅरेजातल्या तुमच्या शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर पेंटरकडून ‘को-पायलट’ असं लिहूनही घेतलं. कुणी पाहुणा त्या खुर्चीवर बसला तर मी त्याला उठवायचो. तुम्ही ते बघून गालात हसायचात.

आता तो दिवस. इंजिनाचा पट्टा लागून माझा हात प्लॅस्टरमध्ये होता. राजारामपुरीत डॉक्टरांना दाखवून आपण कळंब्याकडं निघालो होतो आणि आपण दोघं असताना एकदाच काय ती गाडी तुमच्या हातात होती. मी तुमच्या डाव्या बाजूला. माझी पोरगी हैदराबादला, तिला नुकतीच मुलगी झाली होती. ती विमानाचं तिकीट पाठवायची आणि मी ते रद्द करायला लावून एसटीनं, रेल्वेनं, हाडं खिळखिळी करत जायचो. चारचौघांत म्हणायचो, ज्या इंजिनाचा आवाज मला तपासता येत नाही त्यात मी बसत नाही. खरं कारण साधं होतं. मला भीती वाटत होती.

ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तुम्हाला सांगितलं. “साहेब, मला लई भ्या वाटतंय विमानाचं. तुम्ही एकदा माझ्या शेजारी बसून याल हैदराबादला?”

तुम्ही समोर बघत राहिलात. सिग्नल आला, सुटला. तुम्ही शीळ घालत गाडी वळवलीत.

साहेब, त्या शिळेनं मला जाळलं! वाटलं, ज्यानं दऱ्यांतून विमानं काढली त्याला माझं भिणं उत्तराच्याही लायकीचं वाटलं नाही. दुसऱ्या रविवारी मी आलो नाही. तिसऱ्याही नाही. फोन आला की पोरांना सांगायचो, मालक बाहेर गेलेत. शेवटी गणपतीच्या आधी तुम्हीच गॅरेजच्या दारात येऊन उभे राहिलात.

“काय रं दत्ता, इंजिन बंद पडलं व्हय तुझं?”

मी खुर्ची पुसली. चहा आला. पण तो प्रश्न मी पुन्हा काढला नाही, आणि हैदराबादला एसटीनंच जात राहिलो. नात आता शाळेत जाते.

गेल्या आठवड्यात वहिनींनी ठेवली ती वस्तू म्हणजे एक डबी. आत कानात घालायचं यंत्र, बोटाच्या पेरापेक्षा लहान, अगदी कोरं. “दत्ताभावजी, हे चालू हाय का बघा. माझ्या मावसबहिणीला देते.”

“कुणाचं हे?”

“ह्यांचंच की. रिटायर झाल्यावर डावा कान गेला त्यांचा, पार ठार. एकदाही घातलं नाही ते.”

मी म्हणालो, “मला कसं म्हाईत न्हाई?”

“तुम्हाला कसं सांगतील? म्हणायचे, तो गडी बॉनेट न उघडता इंजिन ओळखतो. त्याच्यापुढं कुठं माझं बहिरेपण मांडू!”

मी डबी घेऊन खाली बसलो. ती गाडी, तुमच्या डाव्या हाताला मी, रस्त्यावरचा गोंगाट, तुमची शीळ. मग वहिनींना सगळं सांगितलं आणि विचारलं, त्यांना ऐकू गेलं असतं तर आले असते का हो? मला वाटलं, काहीतरी बरं बोलतील. त्या म्हणाल्या, “मला काय म्हाईत? परत विचारायचं होतं की! तोंड शिवलं होतं काय तुमचं?”

खरंच, शिवलं होतं काय? तुम्ही कान लपवलात, मी भीती लपवली, आणि दोघंही वर्षानुवर्षं एकमेकांशेजारी बसून चहा प्यालो. तुम्ही आला असता का, साहेब? मला वाटतं, आला असता. पण हे मी माझ्या मनाचं ऐकून म्हणतोय. काटा काय म्हणाला असता, ते आता बघता येत नाही.

म्हणून शब्द देतो. पोरीला सांगितलंय, तिकीट काढ, या वेळी रद्द करणार नाही. वहिनीही येणार आहेत, डावीकडं त्या बसतील. उजळाईवाडीच्या विमानतळावर चालत जाताना मी विमानाच्या चाकांकडं एकदा वाकून बघीन, हसू देत कोण हसतंय ते. ढग आले आणि विमान कलतंय असं वाटलं, तर कानाचं ऐकणार नाही. शेजारच्या माणसाला मोठ्यानं सांगीन की मला भीती वाटतेय. ऐकू गेलं नाही तर परत सांगीन.

तुमचा,
दत्ता मिस्त्री

ता. क. खुर्ची अजून आहे, पाठीवरची अक्षरंही आहेत. पण ती को-पायलटची जागा नव्हती. तुम्हाला तेवढ्याच बाजूनं ऐकू यायचं.