सुभाष चर्चला येऊ नये म्हणून

५ मार्च, राखेचा बुधवार

चहा सोडला! ईस्टरपर्यंत एक थेंब नाही. कपाळावर राख, मनात निश्चय — वेळ सकाळी सात.

साडेनऊला परत धरला. डोकं ठणकत होतं. डोकं ठणकलं की मी सुभाषवर ओरडते, आणि उपवासकाळात नवऱ्यावर ओरडणं हे चहापेक्षा मोठं पाप. म्हणजे चहा पिणं हेच जास्त धार्मिक! हे सुभाषला समजावून सांगितलं. म्हणाला, "मग मलाही एक धार्मिक कप टाक."

चहाऐवजी आता गोड सोडलंय.

७ मार्च

शुक्रवारच्या क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला एकटीच गेले. बायकांनी नेहमीचं विचारलं — "भाईसाहब नहीं आए?" मी नेहमीचा सुस्कारा टाकला. "प्रार्थना कर रही हूँ जी." सुस्कारा आता चांगलाच जमतो मला.

तीन वर्षं झाली. चर्चमधल्या नाताळच्या गोठ्याच्या देखाव्यात सुभाषने मोटर बसवून गाढवाची मान हलती केली होती. चौतीस वर्षं कारखान्यात मोटरींवरच काम केलेला माणूस! सकाळच्या मिस्सेत फादर प्रवचनाला उभे राहिले आणि गाढवाने वेग घेतला. फादर म्हणाले, "क्या हम प्रभु के लिए तैयार हैं?" — गाढव हो हो हो हो! अख्खं चर्च हसलं. नंतर कमिटीतलं कुणीतरी म्हणालं, "अंकल, अगली बार सिर्फ घास लगाइए." बस्स. त्या दिवसापासून सुभाष चर्चची पायरी चढला नाही.

८ मार्च

कन्फेशनला जाऊन आले. फादर बिनोय केरळचे. चार वर्षांपूर्वी नवे आले तेव्हा मी विचारलं होतं, "फादर, मराठी में चलेगा?" ते म्हणाले, "ईश्वर सब भाषा समझता है." म्हणजे फादरांना समजत नाही! केवढी सोय! वसईची माणसं इथे भोपाळला येऊन बरंच काही गमावतात, पण हे सुख वसईत नाही. मी मराठीत धडाधड सगळं ओतते, ते गंभीरपणे "हूँ" म्हणतात, प्रायश्चित्त म्हणून तीन प्रणाम मरिया म्हणायला देतात, की मी स्वच्छ.

आजही तेच सांगितलं. की फादर, जगाला सांगते नवऱ्यासाठी प्रार्थना करते. करतेही. पण तो येऊ नये अशी! तो असला की चुकीच्या चालीत सगळ्यांच्या वरच्या पट्टीत गातो. प्रवचन चालू असताना पंख्याचा आवाज ऐकून मला सांगतो, बेअरिंग गेलंय. आणि समाप्तीचं गीत सुरू व्हायच्या आत "चल". आता मी एकटी जाते, खिडकीपाशी बसते, येताना कोपऱ्यावर पोहे-जिलेबी खाते. घरी सांगते, प्रवचन लांबलं.

फादर खोकले. पाच प्रणाम मरिया दिले. पाच का?

१० मार्च

अरे देवा! संत योसेफच्या सणासाठी नऊ दिवसांची प्रार्थना, नोव्हेना, सुरू होतेय, आणि महिला मंडळाने यंदा ती सुभाष चर्चला परत यावा म्हणून ठेवलीय. "नलिनीजी अकेली कितना करेंगी!"

नऊ दिवस. अकरा बायका. दुसऱ्या बाजूला मी एकटी.

१४ मार्च

धुळवड, आणि नेमका उपवासकाळातला शुक्रवार. शेजारच्या मंजूषाने गुजिया आणल्या. ती ग्वाल्हेरची मराठी, खव्यात हात आखडत नाही. गोड सोडलंय म्हटलं तर बिचारीचा चेहरा पडला. कुणाचं मन दुखवू नये म्हणून दोन खाल्ल्या. ती गेल्यावर तिसरी. तिसरीचं कारण सापडलं नाही.

१९ मार्च, संत योसेफ

नोव्हेना संपली. सुभाष दिवसभर घरातच. रंगपंचमी म्हणून गेटला आतून कुलूप लावून बसला होता. जिंकले!

जिंकल्यावर एवढं वाईट का वाटावं? योसेफच्या मूर्तीकडे बघवलं नाही. तोही हातात सुतारकामाची हत्यारं घेऊन गप्प उभा असतो, बिचारा.

३० मार्च, रविवार

आज काय झालं ते नीट लिहिते.

संध्याकाळी फादर बिनोय घरी आले, सुभाषला भेटायला. दोघं बसून इन्व्हर्टरविषयी बोलले. तेवढ्यात मंजूषा पाडव्याचं श्रीखंड घेऊन आली. (रविवार उपवासकाळात धरत नाहीत, तेव्हा मी वाटी घेतलीच.) फादरांना वाटी देताना ती सवयीने मराठीत म्हणाली, "घ्या हो, घरचाच चक्का आहे."

आणि फादर म्हणाले, "वा! वहिनी, वेलची अगदी बेताची घातलीय. काही जण जायफळाने घोळ करतात."

घोळ करतात!!

नगरकडच्या एका खेड्यात पाच वर्षं होते म्हणे. सुभाष खूश — "फादर, आधी बोलला नाहीत कधी!" "कुणी विचारलं नाही."

माझा चमचा श्रीखंडातच उभा राहिला. चार वर्षं. दर महिन्याला. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंच्या केसांबद्दल. त्यांच्या वरणाबद्दल. फादरांच्या स्वतःच्या प्रवचनाबद्दल!

५ एप्रिल

कन्फेशनचा शनिवार. गेले नाही. पाठ धरली असं कळवलं.

पाठ धरली हे खोटं. म्हणजे एक वाढलं.

१२ एप्रिल

ईस्टरआधी कन्फेशन तर व्हायलाच हवं. डोकं चालवलं. रिक्षा करून थेट बाग सेवनियाकडच्या चर्चला गेले. तिथे मला ओळखतं कोण! चिठ्ठीवर हिंदीत पापं लिहून नेली होती. जाळीपाशी गुडघे टेकले, पदर पुढे ओढला, आवाज जरा जाड केला. "फादर, मैंने... अपने पति के विषय में... उल्टी प्रार्थना..."

जाळीतून ओळखीचा आवाज आला — "मराठीत बोला ताई. सोपं जाईल."

ईस्टरआधी दोन्ही चर्चचे फादर अदलाबदल करतात. लोकांना मोकळेपणाने बोलता यावं म्हणून!

आधी हसू आलं, मग रडू. विचारलं, "फादर, तुम्हाला सगळं कळत होतं?" म्हणाले, "ऐकायचं आणि विसरायचं, हेच आमचं काम. तुमचं पहिलं वाक्य ऐकतो, तोवर मागच्या महिन्याचं गेलेलं असतं." खरं नसावं. पण चांगलं बोलले.

मग म्हणाले, "ताई, तुम्ही मला इतकी वर्षं खरं सांगताय. ज्याला सांगायचं त्याला सांगितलंत का?"

प्रायश्चित्त: एकही प्रणाम मरिया नाही. नवऱ्याला सांगा.

शंभर जपमाळा दिल्या असत्या तरी चाललं असतं.

१४ एप्रिल

सांगितलं नाही. तो नळ दुरुस्त करत होता.

१५ एप्रिल

सांगितलं नाही. नळ अजून गळतोय, त्यामुळे त्याचा मूड.

१७ एप्रिल

"सुभाष, एक सांगायचंय." "सांग." "मीठ संपलंय."

मीठ आहे. दोन पुडे आहेत.

१८ एप्रिल, पवित्र शुक्रवार

सांगितलं. पेज वाढता वाढता, त्याच्याकडे न बघता. गाणं, पंखा, "चल", पोहे-जिलेबी. आणि शेवटी ते — की तू येऊ नयेस म्हणून मी प्रार्थना करत होते. लोकांसमोर मात्र सुस्कारे.

सुभाष पेज ढवळत राहिला. मग म्हणाला, "तीन वर्षं?"

"हो."

"आणि देवाने ऐकलं?"

"ऐकलं की. नाही आलास तू."

वाटी घेऊन उठला, बाल्कनीत जाऊन उभा राहिला. पाठमोरा. खांदे केवढे उतरलेत त्याचे! मला दिसलेच नव्हते. चर्चमध्ये हसलेले लोक परके होते. मी तर घरातली.

नंतर येऊन एवढंच म्हणाला, "पेजेत मीठ जास्त झालंय."

१९ एप्रिल

आज घरातल्या पंख्याचा आवाजही ऐकू येतोय. याचंही बेअरिंग गेलंय.

२० एप्रिल, ईस्टर. सकाळ

आठ वाजता बघते तर सुभाष इस्त्रीचा शर्ट घालून दारात! "एवढं खरं बोललीस, आता यायलाच हवं. शिक्षा म्हणून."

"कुणाला?"

"ते तुझं तू बघ."

आला. गायला — तशाच चालीत, तसाच वर. पुढच्या रांगेतलं बाळ दचकून उठलं. अकरा बायका नोव्हेना पावली म्हणून डोळे पुसत होत्या. येताना त्याने दोन प्लेट पोहे सांगितले आणि जिलेबी माझ्या प्लेटमधली खाल्ली.

दुपार

मंजूषा "हॅपी ईस्टर" म्हणायला आली. दारातच मला म्हणाली, "भाऊजी बरे आहेत ना हो? आज आवाज नाही आला." कसला आवाज? "अहो, तुम्ही चर्चला गेलात की दर रविवारी ते एकटेच तुमची सगळी प्रार्थना म्हणतात ना, मराठीत, मोठ्याने! भिंत ही एवढीशी. आमचा चहा त्यावरच होतो. गाणी संपली की शेवटी तुमचं नाव घेतात — आमची नलू आज निवांत बसू दे, तिला कुणी घाई करू नये."