धक्क्यावर उडी कोणी मारायची

३ मे
निघालो! समोरचा किनारा दिसतच नाही, याला तलाव कोण म्हणेल? बोट यांची, हौस यांची आणि आठवडाभर हुकूमही यांचेच. मनातल्या मनात मी यांना कप्तानसाहेब म्हणते. मोठ्याने म्हणायची माझी छाती नाही. सोबत वन्सं, यांच्या थोरल्या बहीण. एक अक्षर बोलत नाहीत, पण बोट चालवतात झकास. कामं ठरलेली — वन्संनी बोट धक्क्याला आणायची, मी दोर घेऊन उडी मारायची आणि खुंट्याला बांधायचा, यांनी ओरडायचं.

४ मे
पांढऱ्या कड्याखाली गुहा आहे, तिच्यात थेट बोट नेली. आत पाणी हिरवंगार, आमचे चेहरेही हिरवे! मी जोरात हसले, तर गुहाभर हसू घुमलं. "काय खिदळतेस माकडासारखी!" — आणि पाठीत गुद्दा. श्वासच अडकला. वन्सं समोर बघत राहिल्या. दिसलं नसेल त्यांना? दिसलंच!

५ मे
दोर ओला होता, निसटला. बोट धक्क्याला घासली आणि नखाएवढा रंग उडाला. यांनी केस धरून माझं तोंड त्या ओरखड्यावर आपटलं. "दिसतंय? नीट बघ!" ओठ फुटला. धक्क्यावर एक कोळी जाळं झटकत होता, त्याने पाठ फिरवली.
आणि हे गृहस्थ दातांचे डॉक्टर! दवाखान्यात पेशंटला दहादा विचारतात, "दुखत नाही ना?" लोक म्हणतात, काय हलका हात आहे डॉक्टरांचा.

६ मे
दिवसभर वारा. कोणी कोणाशी बोललं नाही. बरं वाटलं.

७ मे
डाव्या हाताने लिहितेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.
सकाळी बेटावर उतरलो होतो. जिकडे तिकडे घरटी, पाऊल ठेवायला जागा नाही. पक्षीण अंगावर धावून आली, डोक्यावर टोचलं तिने. कौतुक वाटलं मला तिचं! बोटीवर आल्यावर म्हटलं, "पलीकडच्या गावात मला उतरवा. मी बसने आईकडे जाते." अगदी शांतपणे म्हटलं. हेही शांत होते. माझा उजवा हात केबिनच्या चौकटीवर होता. यांनी दार धाडकन ओढलं.
दोन बोटं मोडली.
मग यांनीच चमच्याचा दांडा लावून पट्टी बांधली, अगदी व्यवस्थित. "दुखतंय का?" त्या क्षणी यांच्या गळ्याचा लचका तोडावासा वाटला. खरंच वाटला! वन्सं कात्री घेऊन उभ्या होत्या. कात्री हातातून सुटली. "ताई, नीट धर ना!" हे खेकसले, आणि पन्नाशीची बाई एवढीशी झाली.
हे पोहायला उतरल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. "वहिनी, मला या कानाने ऐकू येत नाही ना, ते झाडावरून पडल्यामुळे नाही. यानेच फोडलाय." मग म्हणाल्या, "उद्या प्यायचं पाणी भरायला धक्क्याला लागायचंय." आणि भांडी घासायला बसल्या.

८ मे
माझा हात असा, म्हणून आज दोर घेऊन यांनीच उडी मारली. यांचे पाय धक्क्याला लागले मात्र, वन्संनी बोट मागे घेतली! "ताई! वेड लागलं का तुला?" दोर ताणला, हे दोन्ही हातांनी ओढत होते, शिव्या देत होते. वन्सं नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. मी पाव कापायची सुरी घेतली आणि डाव्या हाताने दोर कापला. हे कुठे पडले, पाहिलं नाही.
बऱ्याच वेळाने वन्संनी विचारलं, "तुझ्या आईकडे मलाही ठेवून घेतील का गं?"