लाल कोबा

३ फेब्रुवारी

उमरग्याहून कोब्यासाठी लाल रंग आणला. रविवारी भाडेकरू घर बघायला येणार. चाकणहून यांनी फोनवरच बजावलं— तो करडा कोबा आधी लाल कर, नाहीतर कोण घेईल?

सगळं ठरलंय. सासूबाई चालायला लागल्या की त्यांना ईटला नणंदेकडं पोचवायचं, जळकोटचं हे घर भाड्यानं द्यायचं आणि मी चाकणला जायचं. पण त्या चालतील तर ना! दिवाळीत पडल्या तेव्हापासून खाटेवर. हाड जुळलं, चालवा, असं डॉक्टर म्हणतात. या पाय टेकवत नाहीत. शौचाचं भांडं मीच उचलते.

५ फेब्रुवारी

शेजारच्या महांतप्पांनी सासूबाईंना खाटेसकट ओट्यावर आणून ठेवलं. मी कोबा तारेच्या ब्रशनं घासला, सिमेंटात रंग कालवून ओतला, थापीनं घोटत घोटत मागं सरकत दारापर्यंत आले. कंबर मोडली. सासूबाईंची मात्र चंगळ— येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून गप्पा.

६ फेब्रुवारी

पाणी मारलं.

८ फेब्रुवारी

निदान आठवडाभर ओला ठेवा, तेल नंतर लावा, असं दुकानदार म्हणाला होता. भाडेकरू तर उद्यावर आलेला! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं माझं झालं. खोबरेल चोळलंच. काय चमकला! खाट परत आत घेतली.

९ फेब्रुवारी

भाडेकरूला घर पसंत. मार्चपासून हवंय म्हणे. जाताना बिचाऱ्याचे पांढरे मोजे तळाशी लालभडक. हसू दाबलं.

१० फेब्रुवारी

रंग सुटतोय. माझे तळवे लाल, अंथरूण लाल. तेलाची घाई नडली.

११ फेब्रुवारी

दुपारी बँकेत जाऊन आले. सासूबाईंची चादर बदलायला घेतली तर पायथ्याशी लाल डाग. त्यांचे पाय उचलून बघितले— दोन्ही तळवे टाचेपर्यंत लाल!

इतका राग आला! इतके दिवस मी यांचं भांडं उचलतेय आणि बाई घरभर फिरतात! कधीपासून, एवढंच विचारलं. संक्रांतीपासून, म्हणाल्या. मग भिंतीकडं तोंड करून—

"म्या चालले की तुमी मला ईटला नेऊन टाकणार. लेकीच्या दारात म्या न्हाय मरायची."

मी कोमट पाणी आणलं, साबणानं तळवे घासले. रंग लवकर निघाला नाही.

भांडं मात्र आजपासून त्यांचं त्यांनी न्यायचं. तेवढं स्पष्ट सांगितलं.

१२ फेब्रुवारी

यांचा फोन. आई चालते का? म्हटलं, नाही, अजून पाय टेकवत नाहीत, भाडेकरूला नको म्हणून कळवा.

फोन ठेवला आणि एकदम हलकं वाटलं. चाकणला मलाही जायचं नव्हतं.