मुकादमाला एकटं ठेवताना

प्रिय ठकूबाई,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठीक आहेत. फोनवर तुझी आई कायम शेजारी असते, आणि शेजारी कुणी असलं की मला धड बोलता येत नाही हे तू जाणतेस. शिवाय जे सांगायचं आहे ते क्रमाने सांगितलं नाही तर बिघडेल. तू आईला जे विचारलं आहेस त्याचं उत्तर तिने अजून दिलेलं नाही. ते मी देणार आहे, तिला न सांगता. पण त्याआधी तुला मुकादमाची हकिकत ऐकावी लागेल, कारण त्या कुत्र्यापायी आईची नोकरी जाता जाता राहिली. कशी राहिली ते तिने तुला 'झालं गं ठीक' एवढ्यावर उरकलं असणार. स्वतःचा पराक्रम सांगायची वेळ आली की तिला नेमकं गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवतं.

मुकादम हे नाव तूच ठेवलंस आणि ते त्याला चपखल बसलं. मी खिळा ठोकत असलो की समोर बसून बघणार, आई भाजी निवडत असली की तिथे देखरेख, स्वतः मात्र इकडची काडी तिकडे करणार नाही. तू लग्न करून गेलीस, मी दिवसभर दुकानात, तेव्हा त्याच्या राज्यात उरली फक्त आई. आपल्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, पण तो जन्मात कधी एकटा राहिलेलाच नव्हता. बसस्थानकावरच्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर आईला नोकरी लागली त्या दिवशी आपण दोघांनी तिची किती चेष्टा केली आठवतं ना? मी म्हणालो होतो, घरात माझा चष्मा शोधून देण्याचा इतका अनुभव दुसऱ्या कुणाकडे असणार! ती गेली, मी गेलो, दार बंद झालं, आणि मुकादमाने गळा काढला.

मला हे कळलं ते खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंकडून. त्यांची ड्युटी रात्रीची, म्हणजे झोप दिवसाची, आणि त्यांची खाट बरोबर आपल्या बाहेरच्या खोलीखाली. बाई भल्या आहेत. भांडायला आल्या नाहीत, जिन्यात थांबून म्हणाल्या, "काका, तुमचा मुकादम दिवसभर भाषण करतो. ऐकायला मी एकटीच. टाळ्या वाजवल्याशिवाय थांबणार नाही का तो?" हसत म्हणाल्या, पण डोळे लाल होते. अशा बाईने रात्री रुग्णाच्या शिरेत सुई घालायची, म्हणजे हा काही हसण्यावारी न्यायचा मामला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी माझा फोन घरात चालू ठेवून त्याचा आवाज टिपला. आधी दारापाशी बारीक कुरकुर, मग नखांची खरखर, आणि मग मान वर करून काढलेला एक लांब सूर, फाटक्या पडद्याच्या स्पीकरमधून येतो तसा, कडांना चिरफाळलेला. मी आयुष्यभर दुकानात लोकांचे स्पीकर उघडून आवाज दुरुस्त करत आलो. तो ऐकून मला फोन बंद करावासा वाटला. आईने मात्र शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाली, "मी उद्या साहेबांना सांगते. नाही जमायचं."

इतकंच. भांडण नाही, रडणं नाही. डबा घासायला घेतला. पण डबा घासून झाला तरी ती तो घासतच होती. तेव्हा मी म्हणालो, थांब, मला थोडे दिवस दे.

दुकानात नेण्याचा उपाय आधीच करून झाला होता. मी एक मोठा स्पीकर तपासायला लावला, तर मुकादम गिऱ्हाइकाच्या दोन पायांतून थेट रस्त्यावर. मग मी माझं डोकं लावलं. तुला माहीत आहे, मी कुठल्या शाळेत हे शिकलो नाही, वस्तू उघडून उघडून शिकलो, आणि या भागात माझ्या हातासारखा आवाज कुणाला काढता येत नाही हे माझे प्रतिस्पर्धीसुद्धा कबूल करतात. मी एक पेटी बनवली. जुन्या सागवानी फळ्या, आत उत्तम स्पीकर, सांधे असे घट्ट की हवा हलणार नाही. त्यात आईचा आवाज भरला: "मुकादम, बस. शहाणा माझा तो. मी आहे ना इथेच." थोड्या थोड्या वेळाने पेटी बोलायची. ती मी कपाटात ठेवली, म्हणजे त्याला दिसू नये. संध्याकाळी येऊन बघतो तो कपाटाचं दार खालून कुरतडलेलं, चादरी बाहेर, आईची ठेवणीतली शाल घरभर, आणि मुकादम कपाटात अर्धा शिरून आईला शोधतोय! आवाज हलका असता, खरखरता असता, तर त्याने ओळखलं असतं की हे काही खरं नाही. पण मी तो इतका हुबेहूब काढला होता की आईला कुणीतरी कपाटात कोंडलंय अशी त्याची खात्री पटली. नर्सबाई म्हणाल्या, "काका, पूर्वी तो नुसता रडायचा. आज सुतारकाम पण केलं." आई शाल उचलत हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून मी पेटीचं वाईट वाटून घेतलं नाही. फारसं.

इथून पुढचं सगळं आईचं आहे, ते नीट वाच.

तिने काही केलं नाही. रविवारी नुसती स्टुलावर बसून कुत्र्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, काय ध्यान लावलंस? तर म्हणे, "हा दार लागल्यावर रडायला लागत नाही. मी बूट घालते तेव्हाच याचं सुरू होतं." आणि खरंच तसं होतं. कोपऱ्यावर सामान आणायला ती चपला घालून जाते, तेव्हा तो मान वर करत नाही. बूट ती फक्त त्याला फिरायला नेताना घालायची. त्याच्या लेखी बूट म्हणजे आपण दोघं निघालो. आणि आता ती रोज बूट घालून त्याला न घेताच जात होती. रोज दगा! हे मी टिपलेल्या आवाजात कुठेच नव्हतं गं. मी नुसतं ऐकत होतो, ती बघत होती.

मग आमच्या घरात जे सुरू झालं ते परक्याने पाहिलं असतं तर आम्हाला उपचाराला पाठवलं असतं. तुझी आई बूट घालून कांदा चिरायची. बूट घालून कुंड्यांना पाणी घालायची. सुट्टीच्या दुपारी वामकुक्षी घेताना खाटेच्या टोकाशी बुटांचे दोन तळवे. किल्ल्या खुळखुळवायची आणि परत खुंटीला लावायची, पर्स खांद्याला अडकवून भांडी पुसायची. मुकादम आधी प्रत्येक वेळी उठून दाराशी जायचा. मग नुसते कान उभे. मग एक डोळा. मग एके दिवशी तिने बूट घातले तेव्हा तो जांभई देऊन कुशीवर वळला. मी टाळी वाजवणार होतो, पण तिने असं बघितलं की हात जागीच राहिले.

तोवर तिच्या साहेबांनी तिला फक्त दुपारची पाळी दिली होती, आणि मी दुपारी लवकर घरी यायला लागलो होतो. गिऱ्हाइकं विचारायची, "काय हो, दुकान अर्ध्या पगारावर ठेवलंय का?" मी म्हणायचो, घरी मुकादम आहेत, त्यांची हजेरी घ्यावी लागते. सकाळी मी निघालो की तिचा सराव. आधी दाराबाहेर पाऊल टाकून लगेच आत. मग जिन्याच्या वळणापर्यंत. मग नर्सबाईंच्या दारापर्यंत, तिथेच पायरीवर बसायचं आणि वर कान लावायचा. एकदा मला विसरलेला चष्मा न्यायला परतावं लागलं, तर दोघी पायरीवर बसलेल्या, मध्ये चहाचे कप, आणि नर्सबाई कुजबुजत होत्या, "ताई, आज नुसती प्रस्तावना झाली. भाषण रद्द." जिची झोप उडाली होती तीच आपली झोप आवरत सोबतीला बसली होती. माणसाला असं आपलंसं करणं हा आईचा दुसरा गुण. तो तुझ्यात आला आहे, माझ्यात नव्हताच.

पण यातली सर्वांत अवघड गोष्ट वेगळीच होती. घरी परत आल्यावर त्याच्याकडे बघायचं नाही. तिचं म्हणणं, आपण परत आल्याचा सोहळा केला की आपलं जाणं केवढं मोठं होतं हे त्याला पटतं. म्हणून ती आत यायची, भिंतीकडे तोंड करून हळूहळू बूट काढायची, आणि तो पायांत घोटाळत असायचा, उड्या मारायचा, हात चाटायचा, तरी ती वळायची नाही. तो थकून बसला की मग शांतपणे वाकून त्याच्या कानामागे बोटं फिरवायची. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होतो. भिंतीकडे वळलेला तिचा चेहरा मला दिसायचा, त्याला नाही. ठकू, तुला हॉस्टेलवर सोडून निघालो त्या दिवशी फाटकापासून गाडीपर्यंत ती मागे न बघता चालली होती. तू रागावली होतीस, आईने वळून पाहिलंसुद्धा नाही म्हणून. तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला होता. तोच हा चेहरा.

मध्यंतरी घराची किल्ली द्यायला मी तिच्या खिडकीवर गेलो. रांग होती म्हणून खांबाशी उभा राहिलो. एक वयस्कर मास्तर छत्री मागत होते. काळी छत्री. मागे काळ्या छत्र्यांचा ढीग, आणि मास्तरांना खूण म्हणून काहीच सांगता येईना. 'छत्रीसारखी छत्री हो' एवढंच. दुसरी कुणी असती तर हाकलून लावलं असतं, नाहीतर कुठलीही एक गळ्यात मारली असती. तुझ्या आईने स्वतःची छत्री त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "मास्तर, ही मिटून पट्टी लावून द्या बघू, घरी लावता तशी." मास्तर डावखुरे निघाले. पट्टी त्यांनी उलट्या अंगाने गुंडाळली. आई ढिगापाशी गेली, उलटी गुंडाळलेली एकच छत्री होती, ती आणून समोर ठेवली. मास्तरांनी मूठ चाचपली आणि त्यांचा आवाजच बदलला. मला हे सुचलं नसतं. वस्तू ओळखण्यात मी स्वतःला उस्ताद समजतो, पण वस्तू धरणाऱ्या हाताकडे बघावं हे मला नसतं सुचलं. तिचे साहेब मला ओळखत नव्हते, तरी अभिमानाने म्हणाले, "या बाई यायच्या आधी इथे नुसतं अडगळीचं गोदाम होतं." तिला ते कायम करणार आहेत, खिडकीची मुख्य म्हणून.

आणि मग पूर्ण दिवसाची परीक्षा. सकाळी मी गेलो, मागोमाग ती गेली, अगदी कंटाळवाणेपणाने, पिशवी कुठाय, किल्ली कुठाय असं पुटपुटत. दिवसभर दुकानात माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दोन तारा उलट्या जोडल्या, माझ्या हातून! संध्याकाळी आम्ही दोघं फाटकाशी भेटलो आणि वर चढतो तो नर्सबाई आपल्या दारासमोर, केस मोकळे, डोळ्यांवर झोप, घाबऱ्याघुबऱ्या. "ताई, लवकर उघडा. दिवसभर आवाज नाही हो त्याचा. बरा आहे ना तो?" दार उघडलं. मुकादम सोफ्यावर, जिथे त्याला मनाई आहे तिथे, चारही पाय वर करून घोरत होता. नर्सबाईंनी कपाळावर हात मारला आणि म्हणाल्या, "आता झोप लागायची सवय करायला हवी." आई भिंतीकडे वळली, बूट काढायला लागली. खांदे हलत होते. हसत होती की काय ते यावेळी मी पाहिलं नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं. बाळ झाल्यावर तुझी रजा संपली की ते परक्या हातात द्यायला तुझा जीव होत नाही, म्हणून आईने नोकरी सोडून वर्षभर तुझ्याकडे यावं असं तू लिहिलंस. तुझं काही चुकलं नाही. लेकीने आईला नाही तर कुणाला विचारावं? पण तो निरोप आला त्या दिवसापासून आईने साहेबांना कायम करण्याचे कागद थांबवायला सांगितले आहेत. मला म्हणाली, "लेकीला नाही कसं म्हणू?" आणि गॅसवर काहीतरी बघायला गेली. ठकू, ती तुला नाही म्हणणार नाही. म्हणून तू तिला विचारू नकोस. मी येतो. दुकान एक वर्ष बंद राहिलं तर लोकांना खराब आवाज म्हणजे काय ते कळेल. बाळाला आंघोळ कशी घालतात, बाटली किती कोमट हवी, ढेकर कसा काढतात, हे सगळं मी शिकेन. उघडून बघायची सोय नाही एवढीच अडचण आहे. स्वयंपाक दुपारचा मी करतोच आहे, आणि आईच्या मते तो खाण्यासारखा असतो. हे तुला हास्यास्पद वाटेल, जावईबापूंना तर वाटेलच. वाटू दे. पत्र मिळालं की तिला फोन कर, आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सहज सुचल्यासारखं म्हण, "आई, तू राहू दे, बाबांना पाठव." ती तुला शंभर अडचणी सांगेल. ऐकून घे आणि पुन्हा तेच म्हण.

तुझाच,
बाबा